तू मायकल क्लीअरीची बायकोच ना? टिपेररी, मार्च 1895

14 मार्च 1895, गुरुवारची रात्र. आयर्लंडच्या टिपेररी काउंटीत बॅलीवॅडली नावाची जागा आहे, गाव म्हणण्याएवढीही वस्ती नाही. तिथल्या एका मजुराच्या घरात, आतल्या खोलीत, 26 वर्षांच्या एका आजारी बाईला पलंगावर धरून ठेवलंय. धरणारे परके नाहीत, तिचे सख्खे आतेभाऊ आहेत. नवरा नव्या दुधात उकळलेला झाडपाला चमच्याने तिच्या तोंडात कोंबतोय, ती मान फिरवतेय, आणि सगळे मिळून तिला एकच प्रश्न विचारतायत. तू ब्रिजेट बोलँड, मायकल क्लीअरीची बायको, आहेस का? देवाच्या नावाने सांग. एकदा उत्तर देऊन भागत नाही, तीनदा द्यायचंय. तिने उत्तर दिलं, पण हवं तसं आणि हवं तेवढ्या जोरात दिलं नाही असं ठरलं आणि परत सुरू. तिचा बापही तिथेच उभा आहे, तोही तेच विचारतोय.

दुसऱ्या रात्री ती बाई जळून मेली. ही केस बऱ्याच जणांनी "आयर्लंडमध्ये जाळलेली शेवटची चेटकीण" अशा मथळ्याखाली कुठेतरी वाचलेली असते, आणि तो मथळा साफ चुकीचा आहे. ब्रिजेटला कोणीच चेटकीण म्हणत नव्हतं. ती ब्रिजेट नाहीच, खरी ब्रिजेट वेगळीकडे आहे आणि पलंगावर दुसरंच काहीतरी पडलंय, असं त्यांचं म्हणणं होतं. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण चेटकीण म्हटलं की विषय जादूटोण्याचा होतो, आणि "ही माझी बायको नाही" म्हटलं की विषय लग्नाचा होतो. म्हणून ही केस मी लग्नाच्या बाजूने मांडतोय.

लग्न कसं होतं

आधी त्या काळात तिकडच्या खेड्यात लग्न म्हणजे काय होतं ते बघू, कारण त्याशिवाय क्लीअरी जोडपं किती वेगळं होतं हे कळत नाही. 1845 ते 49 च्या मोठ्या दुष्काळानंतर आयर्लंडमध्ये शेतीचे तुकडे करायचं लोकांनी बंद केलं, जमीन एकाच मुलाला, आणि हुंडा साधारण एकाच मुलीला, बाकीच्यांनी आगबोट पकडून अमेरिका गाठायची किंवा घरातच बिनलग्नाचं राहायचं. लग्नं उशिरा व्हायला लागली आणि पुष्कळांची झालीच नाहीत, 1911 च्या जनगणनेत 45 ते 54 वयाच्या बायकांपैकी जवळपास पाव बायका अविवाहित होत्या. ज्यांची व्हायची त्यांची "मॅच" व्हायची, म्हणजे मध्यस्थ फिरायचा, मुलीकडचे येऊन मुलाची जमीन चालून बघायचे, गायी मोजायचे, कुंपण बघायचे, मग हुंड्यावर घासाघीस. हुंड्याला तिकडे साधा शब्द होता "फॉर्च्युन", मुलीची फॉर्च्युन किती हे उघड विचारायचे. तो पैसा नवऱ्या मुलाच्या बापाकडे जायचा आणि बरेचदा त्याच पैशावर मुलाच्या बहिणीचं लग्न निघायचं, म्हणजे तोच पैसा या घरातून त्या घरात फिरत राहायचा. सगळं ठरलं की वकिलाकडे कागद, त्यात म्हातारा-म्हातारीला राहायला कुठली खोली मिळणार इथपर्यंत लिहिलेलं.

लग्नाचा मोसम म्हणजे श्रोव्हटाइड, लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या काळाच्या, आधीचे दिवस, कारण लेंटच्या चाळीस दिवसांत कॅथलिक लग्न लागत नसे आणि श्रोव्ह मंगळवारी तर नुसती घाई. त्या तारखेपर्यंत ज्यांचं जमलं नाही त्यांचे हाल व्हायचे. लेंटच्या पहिल्या रविवारी चर्चला आलेल्या बिनलग्नाच्या पोरापोरींच्या पाठीवर खडूने खुणा करायचे, त्या रविवारला नावच पडलं चॉक संडे. केरी आणि कॉर्ककडे तर कुठल्या बापईने कुठल्या बाईला घेऊन स्केलिगच्या बेटावर जावं याच्या कविता करून वाटायचे, कारण समज असा होता की तिथे लेंट उशिरा सुरू होतं, त्यामुळे तिथे अजून लग्न लागू शकतं. लोक हसायचे, ज्यांची नावं त्यात असायची ते मात्र दिवसभर तोंड लपवून बसायचे.

आणि मग शकुन-अपशकुन. मे महिन्यात लग्न नको, शनिवारी नको, हिरवा रंग नवरीने घालू नये कारण तो "त्यांचा" रंग. सासूने नवीन सुनेच्या डोक्यावर ओटचा केक मोडायचा. गवताचे उंच मुखवटे घातलेले स्ट्रॉबॉइज न बोलावता यायचे, नवरीला नाचायला घ्यायचे, त्यांना नाही म्हणायचं नाही. आणि नाचताना नवरीचे दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवरून उचलले जाऊ नयेत, एक तरी टेकलेला हवा, नाहीतर ते तिला उचलून नेतील.

ते म्हणजे कोण, हे इथेच सांगतो. परी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पंखवाली छोटी पोरगी येते, ती पूर्ण विसरा. आयर्लंडच्या खेड्यात ज्यांना आदराने आणि भीतीने "गुड पीपल" म्हणायचे ती माणसांएवढीच मोठी, माणसांसारखीच शेती, घोडे, लग्नं करणारी, फक्त जमिनीखाली राहणारी मंडळी. त्यांची घरं म्हणजे रिंगफोर्ट, मातीच्या गोल बांधाची जुनी ठिकाणं. ती खरंतर हजारेक वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती, आयर्लंडभर 40,000 च्या वर आहेत, पण ती कोणी नांगरायचे नाहीत, त्यावरचं झाड तोडायचे नाहीत. ही भीती काही पूर्ण गेलेली नाही बरं का, 1999 ला क्लेअर काउंटीत लाटूनजवळ हायवेच्या आड येणारं एक हॉथॉर्नचं झुडूप "त्यांचं" आहे म्हणून कथाकार एडी लेनिहन यांनी आवाज उठवला आणि ते झुडूप वाचलं, रस्ता त्याला सांभाळून झाला.

तर ही मंडळी माणसं पळवायची. पण कोणाला? म्हाताऱ्या बापयांना नाही. नवरीला, नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला, आणि गोंडस बाळांना, त्यातही मुलग्यांना. बाईला न्यायचे आणि तिच्या जागी तिच्यासारखं दिसणारं काहीतरी ठेवून जायचे, जे आजारी असतं, चिडचिडं असतं, खात नाही, किंवा खूप खातं. अशा बाईबद्दल लोक म्हणायचे "ती अवे आहे", म्हणजे ती इथे नाही, गेलीय. आता ही यादी परत वाचा. माहेर सोडून सासरी आलेली नवखी बाई, आणि बाळंतपणात अंगातली ताकद गेलेली बाई. जी बाई पूर्वीसारखी वागत नाही तिच्यासाठी गावाकडे एक तयार वाक्य होतं, आणि त्या वाक्यात तिला काय होतंय हे तिलाच विचारायची सोय नव्हती, कारण बोलणारी ती नाहीच असं आधीच ठरलेलं.

ब्रिजेट आणि मायकल

ब्रिजेट बोलँड शेतमजुराची मुलगी. क्लोनमेल या मोठ्या गावात जाऊन कपडे शिवायचं काम शिकली, हॅट बनवायला शिकली. तिथेच मायकल क्लीअरी होता, कूपर, म्हणजे लाकडी पिंपं बनवणारा कारागीर, तिच्यापेक्षा नऊएक वर्षांनी मोठा. 1887 च्या ऑगस्टमध्ये लग्न झालं. श्रोव्हटाइड नाही, भर ऑगस्ट, म्हणजे शेतकऱ्यांच्या मोसमाशी यांचा काही संबंध नाही, दोघंही हाताने कमावणारे. लग्न झाल्यावर ती आईवडिलांकडे परत आली आणि तो कामासाठी क्लोनमेललाच राहिला, पुढे तोही तिच्याकडे राहायला आला. म्हणजे सून सासरी जायच्या ऐवजी जावई सासऱ्याच्या छताखाली.

घर चांगलं होतं, मजुरांसाठी सरकारी कायद्याखाली बांधलेल्या नव्या कॉटेजपैकी एक, स्लेटच्या छपराचं, म्हाताऱ्या पॅट्रिक बोलँडच्या नावावर मिळालेलं. पण लोकांत बोलणं असं की ते नेमकं रिंगफोर्टच्या जागेवर बांधलंय.

ब्रिजेटकडे सिंगरचं शिलाई मशीन होतं. ती बायकांचे कपडे शिवायची, कोंबड्या पाळायची, अंडी विकायची. अंड्याचे पैसे म्हणजे तिकडच्या खेड्यात बाईचे स्वतःचे पैसे, त्याला नवरा हात लावत नाही. वर शिवणाचे पैसे वेगळे. कपडे चांगले घालायची, कानात सोन्याचे डूल, हॅट स्वतःच्या हाताने सजवलेली, आणि बोलायला कोणाला भ्यायची नाही. लग्नाला साडेसात वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. आपल्याकडे कुठल्याही गावात वाढलेल्या माणसाला हे शेवटचं वाक्य समजावून सांगायला लागत नाही.

दहा दिवस

4 मार्चला, सोमवारी, ती अंडी द्यायला जॅक डनच्या घरी चालत गेली. डन तिच्या बापाच्या नात्यातला, पन्नाशी ओलांडलेला, जुन्या गोष्टी सांगणारा म्हणून प्रसिद्ध माणूस, काइलनाग्रॅनाच्या टेकडीखाली राहणारा, आणि त्या टेकडीवर फोर्ट. तो घरी नव्हता, थंडी मोठी होती, ती थांबली आणि परत आली. आल्यावर हुडहुडी भरली ती उतरेचना, डोकं फुटायला लागलं. आज कोणीही म्हणेल की थंडी बाधली, छातीत कफ झाला. डन तिला बघायला आला आणि पलंगाकडे बघून म्हणाला, ही ब्रिजी बोलँड नाही. एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसतोय असंही म्हणाला. अंथरुणात आखडून पडलेल्या तापाच्या बाईचे पाय.

इथे मला थांबून एक गोष्ट सांगायचीय, कारण ती नेहमी गाळली जाते. या घराने डॉक्टर बोलावला होता. म्हातारा बाप पायी फेथर्डला गेला, मैलोन्‌मैल, डॉक्टर आला नाही. मग मायकल गेला, तरी लगेच नाही. डॉक्टर क्रीन आला तो 13 तारखेला, आजार सुरू झाल्यावर नऊ दिवसांनी, बघितलं, नसांचा क्षोभ आणि थोडा ब्राँकायटिस म्हणाला, औषध दिलं. त्याच दिवशी फादर रायन येऊन शेवटचे विधी, म्हणजे मरणाऱ्या माणसाला देतात ते आशीर्वाद, देऊन गेले. म्हणजे एका आठवड्यात त्या पलंगाशी डॉक्टर आला, पाद्री आला, आणि गोष्टी सांगणारा म्हातारा आला, आणि तिघांपैकी पहिल्या दिवसापासून हाताशी होता तो शेवटचा. डॉक्टर पाचव्या दिवशी आला असता तर काय झालं असतं हे मला सांगता येणार नाही, पण रिकामी जागा कोण भरतं हे या केसमध्ये ढळढळीत दिसतं.

14 ला मायकल डेनिस गेनी नावाच्या झाडपाल्याच्या वैदूकडे गेला, पाला घेऊन आला. संध्याकाळी शेजारी सिम्पसन नवरा-बायको आणि आतेबहीण जोहाना बर्क आली तेव्हा दार बंद होतं आणि आतून ओरडा ऐकू येत होता, घे ते, गीळ. दार उघडल्यावर जे दिसलं ते त्यांनी नंतर कोर्टात सांगितलं. पाला पाजणं, अंगावर लघवी टाकणं, आणि मग डनच्या सांगण्यावरून तिला उचलून चुलीवर धरणं, किचनच्या त्याच जाळावर जिथे रोज चहा व्हायचा. आगीचा अर्थ असा की बदललेल्या वस्तूला आग सोसत नाही, ती पळून जाते आणि खरी बाई परत येते. तिथे पुन्हा तोच प्रश्न. तिने हो म्हटलं, तीनदा म्हटलं, आणि त्या रात्री सगळ्यांचं समाधान झालं. मध्यरात्रीच्या सुमारास आतेभाऊ निघाले ते मायकलच्या बापाच्या मयताला, कारण त्याच संध्याकाळी निरोप आला होता की मायकलचा बाप वारला. मायकल स्वतः गेला नाही. बाप तिकडे मेलेला आणि हा इकडे बायको परत आणतोय. त्या माणसाची झोप किती दिवसांची गेली होती देव जाणे, मी त्याला सूट देत नाहीये, पण त्या खोलीतली अवस्था काय असेल ती लक्षात घ्यायला हवी.

आगीने किंवा पाण्याने परीक्षा बघणं हे काही त्या रात्री शोधून काढलेलं नव्हतं. 1826 ला केरीत फ्लेस्क नदीत एका अपंग मुलाला "त्याच्यातून परी काढायला" बुडवलं गेलं आणि बुडवणारी बाई कोर्टात सुटली. 1884 ला तर याच क्लोनमेलमध्ये दोन बायकांना अटक झाली होती, चालता न येणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाला तापलेल्या फावड्यावर बसवलं म्हणून. बहुतेक वेळा मात्र हे धमकीवर थांबायचं, फावडं दाखवायचं, आग लावतो म्हणायचं, आणि रोगी घाबरून "शहाणा" झाला की झालं. म्हणजे या रीतीला आतूनच एक थांबायची जागा होती आणि 14 च्या रात्री ती जागा आली होती. ब्रिजेटने हो म्हटलं होतं. तिथे संपायला हवं होतं.

शिलिंग

15 तारीख, शुक्रवार. सकाळी फादर रायनने तिच्या खोलीत मास, म्हणजे कॅथलिक प्रार्थनाविधी, म्हटला. आदल्या रात्री काय झालं ते त्याला कोणी सांगितलं नाही. त्या दिवसातली एक छोटी गोष्ट आहे, मी या केसबद्दल जेवढं वाचलंय त्यात ती माझ्या डोक्यातून जात नाही.

जोहाना दूध घेऊन आली. ब्रिजेटने दुधाचे पैसे द्यायला नवऱ्याकडून एक शिलिंग मागून घेतला आणि तो पांघरुणाखाली नेऊन मग जोहानाला दिला. एवढंच. पण बघणाऱ्यांना वाटलं तिने नाणं मांडीला घासलं, म्हणजे पिशोग केलं. पिशोग म्हणजे करणी, आणि दूध-लोणी हा पिशोगचा सगळ्यात नाजूक विषय, कारण दुसऱ्याच्या गायीचं दूध, दुसऱ्याच्या रवीचं लोणी मंत्राने ओढून घेता येतं ही भीती त्या सगळ्या भागात पक्की होती, मे महिन्याच्या पहिल्या दिवशी तर शेजाऱ्याला विस्तव किंवा दूध द्यायचे नाहीत. तर दुधाचा व्यवहार, नाणं, आणि पांघरुणाखालचा हात. संध्याकाळी त्यावरून वाद झाला. ब्रिजेटने सांगितलं की मी पिशोग केलेलं नाही. जी बाई आयुष्यभर स्वतःचे पैसे स्वतः मोजून देत आली तिचा पैसे देणारा हातच आता पुरावा झाला होता.

रात्री तिला कपडे घालून किचनमध्ये आणून बसवलं, स्वतःच्या नेहमीच्या चांगल्या कपड्यांत, म्हणजे ती ब्रिजेट आहे हे दिसावं म्हणून. शेकोटीभोवती बाप, आत्या, आतेभाऊ, जोहाना, तिची लहान मुलगी. बोलणं परत "त्यांच्या"वर आलं आणि ब्रिजेट नवऱ्याला म्हणाली, तुझी आईच त्यांच्याबरोबर जायची म्हणून तुला वाटतंय की मीपण जाते. तो म्हणाला, आईने सांगितलं का तुला? ती म्हणाली हो, दोन रात्री राहिली होती म्हणाली. आजारातून उठलेली, आदल्या रात्री चुलीवर धरलेली बाई, आणि ती गप्प बसत नाही, नवऱ्याच्या घरची गोष्ट भर माणसांत बोलून दाखवते. ज्याचा बाप आदल्या दिवशी गेलाय त्याला आईबद्दल ऐकवते. माझ्या मते त्या रात्रीचं वळण इथे आहे, फोर्टमध्ये नाही.

जोहानाने चहा केला. मायकलने ब्रेड-जॅमचे तीन तुकडे बायकोपुढे धरले, प्रत्येक तुकड्याआधी प्रश्न, तू ब्रिजेट क्लीअरी, माझी बायको, आहेस का. दोन खाल्ले. तिसऱ्याला उत्तर द्यायला उशीर झाला. त्याने तिला खाली पाडलं, छातीवर गुडघा, तुकडा तोंडात कोंबला, अंगावरचे कपडे काढून फक्त आतला शिमीज ठेवला, चुलीतलं जळतं लाकूड तोंडाजवळ नेलं, शिमीजने पेट घेतला, आणि मग त्याने दिव्यातलं तेल तिच्यावर ओतलं. दाराला कुलूप, किल्ली त्याच्या खिशात. आतले लोक ओरडले, रडले, दार उघड म्हणाले. तो म्हणत होता, ही ब्रिजेट नाही, आता बघा ती धुराड्यातून वर जाईल. इतकी माणसं होती त्या घरात, आणि त्यातल्या बापयांनी आदल्या रात्री मिळून एका आजारी बाईला सहज धरलं होतं. एका माणसाला धरणं त्यांना जमलं नाही, किंवा धरलं नाही. हे मला लिहितानाही जड जातंय.

फोर्टवर तीन रात्री

मायकल आणि आतेभाऊ पॅट्रिक केनेडी यांनी देह चादरीत गुंडाळून घरापासून थोड्या अंतरावर ओल्या जमिनीत पुरला. दुसऱ्या दिवशी मायकल डनबरोबर ड्रँगनच्या चर्चमध्ये गेला, अवस्था भ्रमिष्टासारखी. फादर रायनला काहीतरी भयंकर घडल्याचा संशय आला आणि त्याने पोलिसांना कळवलं.

आणि मग मायकल सलग तीन रात्री काइलनाग्रॅनाच्या फोर्टवर काळ्या मुठीचा सुरा घेऊन बसला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे ब्रिजेट पांढऱ्या घोड्यावरून बाहेर येणार होती, तिला बांधलेली दोरी कापायची आणि तिला धरून ठेवायचं, की ती परत आपली.

हे कुठून आलं? सगळीकडे सांगितली जाणारी एक गोष्ट आहे, बायको पळवलेल्या नवऱ्याची. ती स्वप्नात येऊन सांगते की अमुक रात्री त्यांची घोड्यांची मिरवणूक या वाटेने जाईल, मी अमुक घोड्यावर असेन, मला खाली ओढ. गोष्टीतला नवरा बहुतेक वेळा घाबरतो, ऐन वेळी हात पुढे होत नाही, आणि बायको कायमची जाते. दोष कोणाला? नवऱ्याला. म्हणजे ज्या गोष्टीने बाईला "ती नाही" ठरवलं त्याच गोष्टीने नवऱ्याला सांगितलं की तू खरा नवरा असशील तर काहीतरी कर, हात मागे घेतलास तर नामर्द. डनसारखा म्हातारा जेव्हा घरात येऊन ही गोष्ट सांगतो तेव्हा ती करमणूक राहत नाही, ती त्या माणसाच्या मानगुटीवर बसते.

मग त्याचा खरंच विश्वास होता की तो सबब होती? दोन्ही बाजूंनी लोक आजवर भांडतायत. माझं मत मी सांगतो. फोर्टवरच्या तीन रात्री, डॉक्टरसाठी केलेली पायपीट, हे ढोंग वाटत नाही. पण विश्वास खरा असला म्हणजे राग खोटा होता असं नाही. आदल्या रात्री विश्वासाच्या नियमाने ती पास झाली होती. दुसऱ्या रात्री नवीन काय घडलं? शिलिंग, आईवरचं बोलणं, आणि तिसऱ्या तुकड्याला उशीर. यात परी कुठे आहे? यात न झुकणारी बायको आहे. जुन्या समजुतीने त्याला फक्त भाषा पुरवली, ज्या भाषेत बायकोवर हात उचलणं हे बायकोला वाचवणं ठरतं.

कोर्ट आणि पेपर

22 मार्चला रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरीच्या पोलिसांना देह सापडला. डोक्याला पोतं गुंडाळलेलं, आणि कानात अजून सोन्याचं डूल. जोहानाने आधी सांगितलं होतं की ब्रिजेट रात्री दारातून निघून गेली, नंतर तिने सगळं खरं सांगितलं आणि तीच सरकारी पक्षाची मुख्य साक्षीदार झाली. जुलै 1895 मध्ये क्लोनमेलला खटला उभा राहिला, न्यायाधीश विल्यम ओब्रायन. मायकलला खुनासाठी नाही, सदोष मनुष्यवधासाठी 20 वर्षं सक्तमजुरी. पॅट्रिक केनेडीला 5 वर्षं, डनला 3, विल्यम आणि जेम्स केनेडीला दीड-दीड वर्ष, मायकल केनेडी आणि खुद्द बाप पॅट्रिक बोलँडला 6-6 महिने. म्हाताऱ्या आत्याला सोडलं. पाला देणारा गेनी आधीच सुटला होता.

लंडनच्या आणि युनियनिस्ट, म्हणजे आयर्लंड ब्रिटनलाच जोडलेला राहावा म्हणणाऱ्या, पेपरांना मात्र ही केस म्हणजे आयतं कोलीत मिळालं. आयर्लंडला होम रूल द्यायचं बिल 1893 ला हाउस ऑफ लॉर्ड्सने फेटाळलं होतं, वाद धगधगत होता, आणि आता बघा हे लोक, यांना राज्य चालवायला द्यायचं का, असं उघड लिहिलं गेलं. दुसरीकडच्या पेपरांनी हा एका वेड्याचा अपवाद आहे म्हणून हात झटकले. दोन्हीकडून ब्रिजेट मधल्यामध्ये नाहीशी झाली. एका बाजूला ती मागासलेपणाचा नमुना, दुसऱ्या बाजूला बदनामी. शिवणकाम करून कमावणारी, मूल नसलेली, तोंडावर बोलणारी बाई नवऱ्याच्या हातून घरच्यांसमक्ष मेली, असं साधं वाक्य कोणालाच उपयोगाचं नव्हतं. आणि तिकडच्या पोरांनी खेळताना म्हणायचं एक गाणं केलं, त्यात तिलाच विचारलंय की तू चेटकीण, की परी, की मायकल क्लीअरीची बायको.

मायकल 15 वर्षांनी, एप्रिल 1910 मध्ये सुटला, लिव्हरपूलला गेला आणि तिथून त्याच वर्षी कॅनडात माँट्रियलला.

ब्रिजेटचं दफन 27 मार्च 1895 ला झालं, देह सापडल्यावर पाच दिवसांनी, क्लोनीनच्या दफनभूमीत. घरची बापई मंडळी तुरुंगात होती, पण बाहेर असलेलेही नातेवाईक, शेजारी, जिच्याकडून कपडे शिवून घेतले त्या बायका, कोणीही आलं नाही. आयरिश खेड्यात मयताला न जाणं ही केवढी मोठी गोष्ट आहे हे यावरून समजा की तिला चुलीवर धरणारे आतेभाऊ त्याच रात्री पायी दुसऱ्या मयताला गेले होते. इथे खड्डा पोलिसांनी खणला, पेटी पोलिसांनी उचलली, आणि रात्र झाली होती म्हणून एका शिपायाने कंदील वर धरला.